एफ-१ व्हिसावरच्या खेळाडूने कॉलेज कसं बदलावं, आणि पैशांना हात कुठे लावू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अमेरिकेत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, विद्यापीठात टेनिस खेळते, दुसरं वर्ष संपत आलंय, व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा. कोच बदलल्यापासून सामने कमी मिळतात. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या कोचने मैत्रिणीमार्फत निरोप धाडलाय: इकडे ये, पूर्ण स्कॉलरशिप, वर एनआयएलचे, म्हणजे तिचं नाव-चेहरा वापरू देण्याचे, १५,००० डॉलर. शिवाय पुण्यातला एक क्रीडासाहित्याचा दुकानदार तिला जाहिरातीत घ्यायचं म्हणतोय. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात त्या निरोपाला उत्तर न देण्यापासून करा. नाव ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत, येण्याआधी दुसऱ्या विद्यापीठाच्या कोचने खेळाडूशी बोलणं नियमात बसत नाही, मग ते थेट असो, मैत्रिणीमार्फत असो की पुण्यातल्या क्लबच्या कोचमार्फत. शिक्षा मुख्यतः त्या कोचला होते, पण चौकशी लागली तर उत्तरं मुलीलाही द्यावी लागतात. "विचार करतेय" एवढाही मेसेज नको, आणि तुम्हीही हौसेने फोन करू नका. पालकांचा फोन हाही संपर्कच.

आता मूळ मुद्दा. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संघटना. तिच्या खेळाडूला गेल्या काही वर्षांत दोन स्वातंत्र्यं मिळाली, कॉलेज बदलण्याचं आणि कमावण्याचं. बातम्यांमध्ये ती जोडीने येतात म्हणून एकच वाटतात. तुमच्या मुलीला पहिलं जवळजवळ पूर्ण लागू आहे. दुसरं कागदावर तिलाही आहे, पण व्हिसा ते अडवून धरतो. एनसीएए "हो" म्हणाली याचा अर्थ अमेरिकेचं इमिग्रेशन खातं "हो" म्हणालं असा होत नाही. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी बदलीचं बघू. २०१८ पर्यंत दुसऱ्या कॉलेजशी बोलायलासुद्धा आधीच्या कॉलेजची परवानगी लागायची. १५ ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं आणि परवानगीच्या जागी नुसती सूचना आली. खेळाडूने आपल्या विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का हे बघणारं कार्यालय) लेखी कळवायचं आणि त्यांनी कामकाजाच्या दोन दिवसांत नाव पोर्टलमध्ये घालायचं. नाही म्हणायचा अधिकार त्यांना नाही. २०२१ मध्ये एकदा बदली करून लगेच खेळायची मुभा सगळ्या खेळांना मिळाली. टेनिससारख्या खेळांत ती आधीपासून होती, अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलवाल्यांना मात्र तोवर एक वर्ष बसून काढावं लागायचं. डिसेंबर २०२३ मध्ये ओहायोसह काही राज्यं कोर्टात गेली, वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने एनसीएएला रोखलं आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलला. आज कितीही वेळा बदली केली तरी, अभ्यासाच्या अटी पुऱ्या असतील तर, लगेच खेळता येतं.

बहुतेकांचा घोळ "अभ्यासाच्या अटी" या दोन शब्दांतच होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

डिव्हिजन वनमध्ये तिसरं वर्ष सुरू होताना पदवीच्या ४० टक्के अटी पूर्ण लागतात, चौथं सुरू होताना ६० आणि पाचवं सुरू होताना ८० टक्के. हा हिशोब नव्या विद्यापीठातल्या, तिथे निवडलेल्या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) पदवीवर होतो, जुन्या पदवीवर नाही. समजा पदवी १२० क्रेडिटची आहे, म्हणजे ४० टक्के झाले ४८. मुलीकडे आज ६० क्रेडिट आहेत, म्हणून घरात सगळे निर्धास्त. नवं विद्यापीठ त्यातले ५४ मान्य करतं. पण मान्य होणं वेगळं आणि पदवीत धरले जाणं वेगळं. जुन्या ठिकाणी मेजर सायकॉलॉजी होता, नव्या ठिकाणी बिझनेस घेतला. ५४ पैकी १० क्रेडिट कुठल्याच अटीत बसत नाहीत, नुसते ट्रान्सक्रिप्टवर दिसतात. उरले ४४. चार क्रेडिट कमी, म्हणजे ऑगस्टमध्ये ती सराव करेल पण सामन्यात उतरणार नाही. उन्हाळ्यात तीन-तीन क्रेडिटचे दोन विषय केले तर हे सुटतं, पण ते मे महिन्यात कळलं तर. ऑगस्टमध्ये कळून उपयोग नाही.

म्हणून नव्या कोचला पहिला प्रश्न पैशांचा नको. "माझ्या ट्रान्सक्रिप्टचं या मेजरसाठी पदवी-मूल्यमापन लेखी मिळेल का?" हा हवा. अनधिकृत का होईना, पण त्यांच्या शैक्षणिक सल्लागाराकडून ईमेलवर. "काही प्रॉब्लेम येणार नाही" हे कोचचं तोंडी वाक्य कुठेच चालत नाही. त्याचबरोबर जुनं विद्यापीठ सोडताना ती तिथे पात्र असली पाहिजे, वर्षाचे किमान १८ आणि प्रत्येक सत्राचे किमान ६ क्रेडिट पास झालेले असले पाहिजेत. जायचंच आहे म्हणून शेवटच्या सत्रात अभ्यास सोडून देणारी मुलं नेमकी इथे अडकतात.

जाता जाता एक. खेळण्याचे चार हंगाम पाच वर्षांत संपवायचे असतात, आणि ते पाच वर्षांचं घड्याळ जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतल्या दिवशी चालू होतं. अमेरिकेला जाण्याआधी तिने पुण्यात एफवायला नाव घातलं असेल तर ते वर्षही त्यात गेलं. विचारलं तर लपवू नका, गुणपत्रिका निघतेच.

पोर्टल वर्षभर उघडं नसतं. प्रत्येक खेळाची खिडकी, म्हणजे नाव घालायची मुदत, ठरलेली असते आणि काही खेळांत ती आखूड होत गेली आहे. फुटबॉलला २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी एवढेच दिवस दिले. महिला टेनिसच्या यंदाच्या तारखा तिने कम्प्लायन्स ऑफिसकडून ईमेलवर मागवून घ्याव्यात. इंटरनेटवर जुन्या वर्षांच्या तारखा फिरत असतात. मुख्य कोच गेला तर वेगळी छोटी खिडकी उघडते, पण तुमच्याकडे कोच बदलून महिने झाले असतील तर ती कधीच बंद झाली. अर्ज करताना एनसीएएचं ऑनलाइन प्रशिक्षण-सत्रही पूर्ण करावं लागतं. ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आणि हे नीट समजून घ्या: नाव पोर्टलमध्ये पडलं की सध्याचं विद्यापीठ चालू सत्राच्या अखेरीस स्कॉलरशिप थांबवू शकतं. जागाही दुसऱ्या कुणाला देऊ शकतं. नाव मागे घेता येतं, पण परत घ्यायचं की नाही हे कोचच्या मर्जीवर. "नुसतं बघू तर, काय ऑफर येतात" म्हणून पोर्टलमध्ये जाणं म्हणजे राजीनामा देऊन मग नोकरी शोधणं.

टेनिसमध्ये जागांचं गणितही बदललंय. पूर्वी महिला संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप मिळत, पुरुष संघाला साडेचार. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध घातलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि त्यात सामील झालेल्या विद्यापीठांसाठी स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन संघसंख्येची मर्यादा आली. टेनिसला दहा. म्हणजे नियमाने दहाही जणींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, आणि नियमानेच एकाही मुलीला पूर्ण न देताही चालतं. पूर्वी महिला टेनिसमध्ये स्कॉलरशिप म्हटली की ती पूर्णच असे, आता तसं गृहीत धरू नका. शिकवणी फी, इतर फी, राहणं, जेवण, पुस्तकं, वरखर्च ही सहा कलमं वेगवेगळी विचारा, आणि किती वर्षांसाठी हेही. जुनं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने विद्यापीठाला द्यायचं बांधिलकीपत्र, २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा आता खरा कागद एकच: सही झालेला आर्थिक मदतीचा करार.

तो कागद व्हिसासाठीही लागतो. खेळाची बदली आणि व्हिसाची बदली या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, पोर्टलमध्ये नाव आल्याने सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीत, काहीही हलत नाही. नव्या विद्यापीठाचा रीतसर प्रवेश मिळाला की ते पत्र घेऊन सध्याच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओकडे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं आणि सेव्हिस रेकॉर्ड पाठवण्याची तारीख ठरवायची. परीक्षा आणि निकाल झाल्यानंतरची तारीख घ्या, कारण त्या तारखेनंतर जुनं विद्यापीठ त्या रेकॉर्डला हात लावू शकत नाही. मग नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठीचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र, निघतो. त्यात वर्षभराचा खर्च कुठून येणार हे दाखवावं लागतं. स्कॉलरशिप अर्धवट असेल तर उरलेल्याचं बँक स्टेटमेंट तुमचं. रेकॉर्ड सुटल्यापासून पाच महिन्यांच्या आत वर्ग सुरू झाले पाहिजेत आणि नव्या ठिकाणी सत्र सुरू झाल्यापासून १५ दिवसांत हजेरी नोंदवायची. पासपोर्टवरचा व्हिसा मुदतीत असेल आणि सेव्हिस क्रमांक तोच असेल तर शिक्क्यावर जुन्या विद्यापीठाचं नाव असलं तरी तोच चालतो. फक्त विमानात बसताना आय-२० नवा हवा. मुलीने रागाच्या भरात "मी सोडते" म्हणून रेकॉर्ड पाठवायच्या ऐवजी बंद करून घेतला, तर मात्र सगळं पहिल्यापासून.

आता १५,००० डॉलर.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देण्याचे पैसे घेता येतात, त्यालाच एनआयएल म्हणतात. त्याच्या दहा दिवस आधी, २१ जून २०२१ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला होता, त्यानंतर थोपवून धरण्यात अर्थ उरला नव्हता. टेक्सास ए अँड एममध्ये टेनिस खेळलेली आपली ऋतुजा भोसले तिथे होती तेव्हा हा विषयच नव्हता; आलेली जाहिरात घेतली असती तर खेळायची पात्रता गेली असती. १ जुलै २०२५ पासून पुढची पायरी आली, विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांना मिळून. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल नेतात. टेनिसपर्यंत काय झिरपतं याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून विचारायचं: हे १५,००० देणार कोण? विद्यापीठ, की बाहेरची एखादी कंपनी किंवा माजी विद्यार्थ्यांचं मंडळ? बाहेरचे असतील तर ६०० डॉलर किंवा त्यावरचा प्रत्येक करार पाच कामकाजाच्या दिवसांत एनआयएल गो या व्यवस्थेत नोंदवावा लागतो. एकाच देणाऱ्याचे छोटे छोटे तुकडे करून ६०० च्या खाली ठेवले तरी बेरीज धरतात. तिथे दोन गोष्टी तपासतात: खरंच काही व्यावसायिक हेतू आहे का, आणि रक्कम वाजवी आहे का. "आमच्याकडे खेळायला ये म्हणून पैसे" हा हेतू त्यात बसत नाही. पोर्टलमध्ये नाव आल्यावर एनआयएलबद्दल बोलणी करायला हरकत राहिलेली नाही, टेनेसीच्या कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती आडकाठी काढली. पण बोलणी म्हणजे करार नव्हे.

आणि हे सगळं अमेरिकन मुलीसाठी. तुमच्या मुलीच्या एफ-१ वर कॅम्पसबाहेर, मंजुरीशिवाय कमाईचं काम करता येत नाही. कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. दुकानात सही करायला बसणं, पैसे घेऊन लहान मुलांचं शिबिर घेणं, वसतिगृहाच्या खोलीतून ब्रँडचा रील टाकणं ही सगळी कामंच आहेत. रील तीस सेकंदांचा आहे म्हणून ते काम नाही असं होत नाही. परड्यू विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू झॅक ईडी कॅनडाचा. अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला तरी याच व्हिसामुळे त्याच्या संघातल्या अमेरिकन मुलांसारखे करार त्याला घेता आले नाहीत. तुमच्या मुलीसाठी कुणी नियम वाकवणार नाही.

चूक झाली तर काय? सेव्हिस रेकॉर्ड बंद होऊ शकतो. एरवी एफ-१ चा दर्जा गेला तर तो परत मिळवायचा अर्ज करता येतो, पण विनापरवाना काम केलेल्याला तो दरवाजाही बंद असतो. शिवाय हे लगेच उघडकीला येतंच असं नाही, आणि खरा धोका तोच. कंपनी निष्काळजीपणे १०९९ फॉर्म (दिलेल्या पैशांची नोंद) काढते, तो कर खात्याकडे जातो आणि तिथे पडून राहतो. पाच वर्षांनी एच-१बी किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी, किंवा बीकेसीतल्या वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीत, कुणीतरी विचारतं: हे उत्पन्न कशाचं?

विद्यापीठाकडून मिळणाऱ्या वाट्याचं काय, असं विचाराल. "हा नुसता परवान्याचा पैसा आहे, काम नाही" असा युक्तिवाद करणारे वकील आहेत. काही जण पी-१ किंवा ओ-१ व्हिसाचा मार्ग सुचवतात. तो असाधारण कामगिरीच्या खेळाडूंसाठी आहे आणि संघात चौथ्या-पाचव्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुलीसाठी तो आखलेलाच नाही. इमिग्रेशनने "हे चालतं" असं स्पष्ट नियमात लिहिलेलं नसताना १५,००० डॉलरसाठी चार वर्षांची पदवी डावावर लावू नये, हे माझं मत. त्या कोचला सरळ सांगा, एनआयएल नको, तेवढ्याच किमतीचं राहणं-जेवण स्कॉलरशिपमध्ये घाला. स्कॉलरशिप व्हिसाला कुठेही आड येत नाही. उत्तर काय येतं त्यावरून ते १५,००० खरे होते की हवेतले, तेही समजेल.

स्कॉलरशिपवर कर मात्र आहे. शिकवणी फी आणि सक्तीची पुस्तकं करमुक्त. राहणं आणि जेवण करपात्र. एफ-१ वर असलेल्यांचा त्यावर १४ टक्के कर विद्यापीठ आधीच कापतं. राहणं-जेवण १५,००० डॉलरचं धरलं तर २,१०० डॉलर कापले जातात आणि बिल मुलीच्या खात्यावर पडतं. घरी गोंधळ उडतो की पूर्ण स्कॉलरशिप असताना हे कसलं देणं. भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमाखाली भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२५ साठी ती १५,७५० डॉलर आहे. दुसरं उत्पन्न नसेल तर १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं रिटर्न, भरून कापलेला फेडरल कर जवळजवळ सगळा परत येतो. सोबत ८८४३ फॉर्म, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर आयटीआयएन, म्हणजे करापुरता क्रमांक. नेहमीच्या सॉफ्टवेअरवर रहिवासी म्हणून रिटर्न भरून टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे.

राहिला पुण्याचा दुकानदार. गंमत म्हणजे तुमच्या यादीतला सगळ्यात सुरक्षित पैसा हाच आहे, नीट केला तर. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर त्शिब्वे हा काँगोचा बास्केटबॉलपटू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाला गेला तेव्हा त्याने आपली जाहिरातीची कामं तिथे उरकली, कारण अमेरिकेच्या भूमीबाहेर केलेलं काम एफ-१ च्या बंदीत येत नाही असंच बहुतेक वकील मानतात. तुमच्या मुलीला बहामा लागत नाही, ती मे ते ऑगस्ट घरीच असते. शूटिंग पुण्यात, सही पुण्यात, पैसे रुपयांत भारतातल्या खात्यात. ते साधं बचत खातं असेल तर ते एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्या, शिकायला गेलेला विद्यार्थी फेमाखाली, म्हणजे परकीय चलन कायद्याखाली, अनिवासी धरला जातो. दुकानदार टीडीएस कापेल, पॅन द्या, भारतातलं रिटर्न भरा.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. सगळं काम अमुक तारखांदरम्यान भारतात पूर्ण होईल. आणि नंतरच्या पोस्ट दुकान स्वतःच्या खात्यावरून टाकेल. सप्टेंबरमध्ये तिकडून "जरा एक स्टोरी टाक ना" ही मागणी येणारच, तेव्हा दाखवायला कलम असावं. विद्यापीठाचा लोगो, जर्सी, नाव फोटोत नको. बोर्डिंग पास, इमिग्रेशनचे शिक्के आणि शूटिंगच्या तारखा असलेले फोटो एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. करार भारतातला असला तरी एनसीएएच्या दृष्टीने तो एनआयएलच आहे: सही करण्याआधी कम्प्लायन्स ऑफिसला दाखवायचा, आणि ६०० डॉलर, म्हणजे साधारण पन्नास हजार रुपये, किंवा त्यावर असेल, तर एनआयएल गोमध्ये नोंदवायचा. "पुण्यातलं कोण बघतंय" असं म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा. भविष्यातल्या कमाईच्या टक्केवारीवर सही मागणाऱ्यालाही तोच न्याय.

उन्हाळ्यात ती आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा खेळणार असेल तर बक्षिसाची रक्कम स्वीकारण्याआधी पुन्हा कम्प्लायन्सला विचारावं. टेनिसमधल्या बक्षिसांवर एनसीएएने वेगळ्या मर्यादा घातल्या होत्या, आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची टेनिसपटू रीस ब्रँटमायर हिने २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध खटला घातल्यापासून तो भाग हलता आहे.

आता क्रम. या आठवड्यात दोन ईमेल: कम्प्लायन्सला पोर्टलच्या तारखांसाठी, डीएसओला सेव्हिस बदलीच्या पद्धतीसाठी. दोन्ही नुसत्या चौकशा आहेत, त्याने नाव पोर्टलमध्ये जात नाही. दरम्यान तिने सध्याच्या कोचशी एकदा बसून स्पष्ट बोलावं, पुढच्या वर्षी संघातल्या दहांत तिची जागा कुठे धरली आहे ते विचारावं. कधी कधी उत्तर अपेक्षेपेक्षा बरं निघतं. ट्रान्सक्रिप्ट आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये तयार ठेवावा. मग खिडकी उघडल्यावर, आणि जायचं पक्कं असेल तरच, कम्प्लायन्सला लेखी सूचना. त्यानंतर तो निरोपवाला कोच स्वतःहून फोन करतो का ते बघा. केला तर पदवी-मूल्यमापन, आर्थिक करार, प्रवेशपत्र, सेव्हिस, याच क्रमाने. नाहीच केला, तर डिव्हिजन टू आणि एनएआयएच्या (एनसीएएबाहेरची, लहान कॉलेजांची क्रीडा संघटना) कोचना तिने स्वतः मॅचचे व्हिडिओ आणि यूटीआर हे टेनिसचं रेटिंग पाठवायला लागावं, तेही जूनच्या आत, कारण जुलैनंतर नवा आय-२०, वसतिगृह आणि विषय-नोंदणी एकाच वेळी जमवणं फार कठीण जातं.